खोटी ठरलेली खूण

मराठीत ज्या किड्याला आपण चतुर म्हणतो, त्याला हिंदीभाषक भंभीरी म्हणतात आणि शहरातली मुले सरळ हेलिकॉप्टर म्हणतात. चतुर म्हणजे शहाणा. कशात शहाणा, हे नावातून कळत नाही. पण चतुर थव्याने खाली उतरू लागले की पाऊस जवळ आला, हा आडाखा खेड्यापाड्यांत अजून ऐकू येतो. मला पडलेला प्रश्न या आडाख्यापासून सुरू होतो. एखाद्या समाजाला निसर्गाची एक खूण वाचता येत असेल, तर त्या खुणेबद्दल बाकीच्यांचे काही कर्तव्य असते का?

जयपूरच्या परिसराला ढूंढाड म्हणतात. कछवाह्यांच्या आधी इथे मीणांची छोटी छोटी राज्ये होती. या आदिवासी समाजाच्या संस्कृतीत चतुराचे स्थान काय, असे विचारताना आपल्या मनात उत्तराचा एक साचा तयार असतो. अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या होपी आणि झुनी लोकांच्या मडक्यांवर चतुर रंगवलेला असतो. तिथे तो पाण्याचे चिन्ह आहे. आता तर तो चांदीच्या दागिन्यांवर बसून जगभर विकला जातो. तसे काही इथेही मिळेल, असे आपल्याला वाटते. पण मीणा बायका मातीच्या भिंतींवर गेरू आणि खडीने मांडणे काढतात, त्यात डोळ्यांत भरतो तो मोर. चतुराच्या वाट्याला देऊळ आलेले नाही.

यावरून हे नाते उणे आहे, असे मी मानत नाही. चिन्ह आणि खूण यांत फरक आहे. चिन्ह उचलून नेता येते, हॉटेलच्या भिंतीवर लावता येते. खूण मात्र आपल्या जागेवरच बोलते. मीणा समाज आपले नाव मीन या शब्दाशी आणि मत्स्यावताराशी जोडतो. पाणी आटले तरी मासा चिन्ह म्हणून टिकतो. चतुर टिकत नाही, कारण त्याचे बालपण पाण्यातच जाते. मादी पाण्यात अंडी घालते, पिल्ले तिथेच डासांच्या अळ्या खाऊन वाढतात आणि पंख फुटल्यावर बाहेर येतात. पावसाळ्यात थव्याने दिसणारा पिवळसर चतुर तर काही आठवड्यांपुरत्या साचलेल्या डबक्यातही वाढतो. मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले की हे चतुर दर हिवाळ्याच्या तोंडावर भारतातून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेकडे जातात. त्यांच्या पंखांतल्या हायड्रोजनच्या तपासणीतून २०१२ मध्ये दिसले की त्यांचा जन्म उत्तर भारताकडच्या पाण्यात झालेला असतो. समुद्र ओलांडणाऱ्या या प्रवासाची सुरुवात अशी एखाद्या डबक्यात असते.

आता त्या पाण्याकडे पाहू. जयपूरपासून तीसेक किलोमीटरवर, मीणांची मोठी वस्ती असलेल्या जमवा रामगढ भागात, बाणगंगेवर रामगढचे धरण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते बांधून झाले आणि पुढे अनेक वर्षे जयपूर त्याचे पाणी प्यायले. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती तिथेच झाल्या. नंतर पाणलोटात अतिक्रमणे झाली, ओढ्यांच्या वाटा बांधकामांनी अडल्या आणि तलाव कोरडा पडला. २०११ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. शहराने तोवर टोंक जिल्ह्यातल्या बीसलपूरहून पाणी आणले होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये याच रामगढवर ड्रोन उडवून कृत्रिम पाऊस पाडण्याचा प्रयोग झाला.

चतुर पाणी ओळखतो ते पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या ध्रुवीभूत प्रकाशावरून. लाखो वर्षे हे वाचन खरे ठरत आले. पण काळ्या किंवा लाल मोटारीचे चकचकीत टपही तसाच प्रकाश फेकते, आणि चतुर मादी त्यावर अंडी घालताना शास्त्रज्ञांनी पाहिली आहे. ती अंडी उन्हात करपतात. तिला मूर्ख म्हणता येईल का? तिचे वाचन पूर्वीइतकेच अचूक आहे. तिच्या वाचनाखालचे जग आपण बदलले.

मला वाटते, अन्यायाचा हा एक वेगळा प्रकार आहे: खरे बोलणाऱ्याला खोटे ठरवणे. चतुर पाहून पावसाची वेळ सांगणारा म्हातारा मीणा शेतकरी तलाव आटल्यावर भाबडा ठरतो. त्याचे ज्ञान मुळात चुकीचे होते म्हणून हे घडत नाही. त्याच्या वाक्याखालचे पाणी कोणीतरी काढून घेतलेले असते. मीणांना हे नवे नाही. पिढ्यानपिढ्या गावांची आणि खजिन्यांची राखण करणाऱ्या या समाजावर जयपूर संस्थानाने १९३० मध्ये जरायम पेशा कायदा लावला. राखणदाराला पोलीस ठाण्यात हजेरी देणारा जन्मजात गुन्हेगार ठरवले गेले. तो डाग कायद्यातून पुसायला १९५२ उजाडले.

यावर कोणी म्हणेल, आडाखा कधीच पुरता भरवशाचा नव्हता, आज वेधशाळा आहे. मान्य. पावसाआधी बारीक किडे खाली येतात, त्यांच्या मागे चतुर येतात. तेवढे झाले म्हणजे पाऊस पडेलच असे नाही. पण वेधशाळा पावसाविषयी सांगते, आपल्या तलावाविषयी नाही. चतुर दोन्हींविषयी सांगतो. दुसरे कोणी म्हणेल, चतुर डास खातो म्हणून तरी त्याला जपा. हा आधार मला कच्चा वाटतो. उद्या डासांवर स्वस्त औषध निघाले की तो कोसळेल. श्रद्धेचा आधारही पुरत नाही, कारण चतुराला देव कोणी मानलेलेच नाही.

मग कर्तव्य उरते ते कशाच्या जोरावर? वाचणाऱ्याच्या हक्काच्या जोरावर. ज्यांनी हे जग वाचायला शिकून घेतले, त्यांच्या हातातले पान फाडण्याचा अधिकार आपल्याला नाही. शेजारच्या अलवर जिल्ह्यात, गोपालपुऱ्यात, १९८५ मध्ये तरुण भारत संघाचे राजेंद्र सिंह औषधोपचार आणि शिक्षणाचे काम मनात धरून गेले होते. गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले, आधी जोहड खोदा. त्यांनी ते ऐकले. बांध झाले, विहिरींना पाणी आले. ऐकून घेणे ही तिथली पहिली नैतिक कृती होती, खोदणे दुसरी. आदिवासींच्या निसर्गज्ञानाचे गोडवे आपण सगळेच गातो. ते ज्ञान खरे राहील एवढे पाणी त्यांच्याजवळ ठेवणे, ही त्या गोडव्यांची किंमत आहे, आणि ती आपण अजून भरलेली नाही.