ओटा नसलेली हॉटेले

मराठीत 'हॉटेल' म्हटले की अजूनही आधी चहा आणि भजी आठवतात. राहण्याच्या जागेला आपण लॉज म्हणतो, आणि तो शब्द उच्चारताना आपला आवाज नकळत खाली येतो. मुक्कामाच्या जागेला आपल्याकडे चांगले शब्द नव्हते असे नाही. सराय, धर्मशाळा, मुसाफिरखाना हे शब्द होतेच. पण त्यांत भाड्यापेक्षा आसऱ्याचा अर्थ मोठा आहे, आणि नवी इमारत बांधणाऱ्याला तो परवडत नसावा.

नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, वकील आले, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी आले आणि त्यांच्यामागून लॉज आले. आता ती हवा शहाद्याकडे आणि प्रकाशाच्या फाट्याकडेही सरकते आहे. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्ग प्रकाशावरून जातो. या रस्त्यालगत नवी बांधकामे दिसतात. समोरचा दर्शनी भाग पूर्ण काचेचा, बाजूंना चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आणि आत वातानुकूलन. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जाणाऱ्या खानदेशात पश्चिमेकडे काचेची भिंत उभी करणाऱ्याला काय म्हणावे? आपल्या आजोबांची धाब्याची घरे काही राजवाडे नव्हती, पण त्या जाड मातीच्या छपराखाली दुपारी माणसाला झोप लागत असे. वीज गेली की काचेच्या खोलीत बसवत नाही. असो. उकाड्याला निदान जनरेटर आहे. आम्हाला बोलायचे आहे ते ज्याला जनरेटर नाही अशा गोष्टीबद्दल.

प्रकाशा हे मुळात मुक्कामाचेच गाव. तापी आणि गोमाई इथे मिळतात, केदारेश्वराचे देऊळ आहे, लोक याला दक्षिण काशी म्हणतात. १९५४-५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व विभागाच्या बी. के. थापर यांनी इथल्या पांढरीच्या टेकाडावर उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण युगापासून मध्ययुगापर्यंतचे वस्तीचे थर एकाखाली एक सापडले. येणारा-जाणारा माणूस या गावाला नवा नाही. थोड्याच अंतरावर सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. दूरदूरचे व्यापारी येतात, त्यांत आपले लोकही पुष्कळ असतात, आणि ते घोड्यांच्या शेजारीच घोंगडी टाकून झोपतात. अलीकडे तिथे चेतक महोत्सव सुरू झाला आणि पर्यटकांसाठी आलिशान तंबू उभे राहिले. घोडेवाल्यांची घोंगडी मात्र आहे तिथेच आहे.

तापीच्या याच खोऱ्यातून सुरत ते बुऱ्हाणपूर हा मोगलांचा मोठा रस्ता जात होता. इंग्रज राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात नंदुरबार, थाळनेर करीत बुऱ्हाणपूरला पोचला. तिथल्या सरायीत त्याला चार खोल्या मिळाल्या. त्या भट्ट्यांसारख्या आहेत अशी कुरकुर त्याने रोजनिशीत केली आणि आपल्या तंबूंचा आधार घेतला. सरायीची फार स्तुती करू नये, इतके रोने आपल्याला शिकवले आहे. पण तिचा नकाशा पाहण्यासारखा असे. एक मोठा दरवाजा, मधे चौक आणि चारी बाजूंना चौकाकडे तोंड केलेल्या कोठड्या. श्रीमंताचा सामान जास्त, गरिबाचा कमी, पण दोघांचे दार एकाच चौकात उघडे. इटालियन प्रवासी मनुची लिहून गेला आहे की सकाळी दरवाजा उघडण्यापूर्वी पहारेकरी ओरडून सर्वांना आपापले सामान तपासायला सांगे. कुणाचे काही गेले असेल तर ते सापडेपर्यंत दरवाजा बंदच. म्हणजे एकाच्या गाठोड्याची जबाबदारी सगळ्यांवर.

या नकाशाशेजारी आजच्या हॉटेलचा नकाशा ठेवून पाहावा. जुन्या घराला ओटा होता. वाटसरू न विचारता त्यावर टेकत असे, पाणी मागत असे, आणि मग बोलणे निघाले तर निघे. नव्या हॉटेलला पायऱ्या आहेत, काचेचे दार आहे, दारावर पहारेकरी आहे. ज्याने अजून पैसे दिलेले नाहीत त्याने कुठे बसायचे, याचे उत्तर नकाशातच नाही. ऊसतोडीला गुजरातेत निघालेले भिल्ल-पावरा कुटुंब त्या काचेत स्वतःचे प्रतिबिंब पाहते आणि रस्त्याच्या कडेला बसते. त्याला कुणीही नाही म्हटलेले नसते. इमारतीने म्हटलेले असते.

आपल्याला मात्र तोंडाने म्हटले जाते. आमच्यापैकी पुष्कळांना हा अनुभव आहे. काउंटरवर ओळखपत्र द्यावे, समोरच्याने नाव वाचावे, क्षणभर थांबावे आणि 'रूम फुल आहेत' म्हणावे. यावर आपल्या बैठकांतून एक उपाय नेहमी सुचवला जातो: जमातीने आपली जागा घ्यावी, आपले मुसाफिरखाने बांधावेत. मुंबईचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना हाजींच्या किती उपयोगी पडला हे सगळे जाणतात. यात्रेकरूंसाठी त्या त्या समाजाने सोय करावी, यात गैर काही नाही. पण नंदुरबारला तारखेसाठी आलेल्या, शहाद्याला मुलीचे स्थळ पाहायला निघालेल्या माणसाला त्याच्या नावाप्रमाणे खोली शोधायला लावणे हा उपाय आहे की नकार देणाऱ्याचीच सोय?

डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोद्यात नोकरीवर रुजू व्हायला गेले तेव्हा कोणतेच हॉटेल त्यांना ठेवून घेईना. शेवटी पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. हे त्यांनीच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहिले आहे. लक्षात ठेवावे असे त्यात हे की ती इमारत रिकामी होती. त्यांच्याखेरीज दुसरा पाहुणा नव्हता. ज्याने त्याने आपापली धर्मशाळा बांधावी, हा युक्तिवाद तेव्हाही तयारच होता.

त्याच लेखनात दौलताबादचा प्रसंग आहे. १९३४ साली किल्ल्याच्या हौदावर आंबेडकरांच्या सोबतच्या काहींनी तोंड-पाय धुतले. मागून एक म्हातारा मुसलमान हौद बाटवल्याचा आरडाओरडा करीत आला आणि त्याच्यामागे जमाव जमला. काउंटरवरच्या अपमानाची तक्रार करताना हे पान आपण उलटून पुढे जातो. जाऊ नये. मुसाफिराला कुराणात जकातीच्या आठ हक्कदारांमध्ये जागा आहे. सूरह निसामध्ये तो शेजाऱ्यांच्या रांगेत येतो. दौलताबादच्या त्या म्हाताऱ्यालाही हे वाचून दाखवलेले असणारच.

घटनेच्या पंधराव्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते एकत्र घेतले आहेत. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्यावरून कुणाला तिथे अडवता येणार नाही. प्रकाशासारख्या गावात हा सगळा मजकूर एका नजरेच्या टप्प्यात येतो. घाट खाली, रस्ता वर आणि रस्त्याकडेला हॉटेल. घाटावर अडवले तर बातमी होईल. काउंटरवर अडवले तर होत नाही, कारण तिथे 'फुल' हा शब्द आहे.

मालकाचीही बाजू आहे. डोक्यावर बँकेचे कर्ज आहे, पोलीस रजिस्टर तपासतात, एखादे प्रकरण उद्भवले तर पहिली चौकशी त्याची होते. बहुतेकजण द्वेषाने नव्हे तर कटकट नको म्हणून नाही म्हणतात. आम्ही हे मान्य करतो. पण कटकट टाळण्याची किंमत दरवेळी त्याच त्या नावांनी का द्यावी?

इंग्रजांनी १८६७ साली सराय कायदा केला, तेव्हा सराय चालवणाऱ्याला ती स्वच्छ आणि दुरुस्त राखायला, पहारेकरी ठेवायला आणि दरांची यादी लोकांना दिसेल अशी लावायला सांगितले होते. हुकूम साधे होते, पण ते भिंतीवर दिसणारे होते. आजच्या वास्तुविशारदाकडूनही आमची मागणी तेवढीच आहे. दारापुढे सावलीत एक ओटा बांधावा, त्याच्या कडेला पाण्याचा नळ असावा. आणि खोल्यांच्या किल्ल्या ज्या फळ्यावर टांगतात, तो फळा काउंटरच्या मागच्या कोनाड्यात न ठेवता येणाऱ्या माणसाच्या समोर लावावा. कुठली किल्ली अजून खिळ्यावर आहे, ते मग त्यालाही मोजता येईल.