ओळख आणि गुरुतु

माझा पुतण्या चेहऱ्यांच्या त्रिमितीय चित्रणावर काम करतो. गेल्या दिवाळीत घरी आला तेव्हा त्याने संगणकावर एक चेहरा दाखवला. रंग नाही, नजर नाही. नुसता हजारो बिंदूंचा मुखवटा, आणि प्रत्येक बिंदूला लांबी-रुंदीबरोबर खोलीही.

"काका, यात आधी नाक शोधायचं."

नाकाचा शेंडा टेकडीसारखा वर आलेला, डोळ्यांचे नाकाकडचे कोपरे म्हणजे खळगे. पृष्ठभाग कुठे किती वळतो याचे गणित करून यंत्र ही ठिकाणे हुडकते, त्यांच्या आधाराने मुखवटा सरळ करते आणि मग दुसऱ्याशी ताडून पाहते. मान फार वळलेली असली तर केसांचा झुबकाच नाक ठरतो, ही गंमत वेगळी. ओठांच्या कोपऱ्यांवर मात्र फारसे विसंबत नाहीत. माणूस हसला की ते सरकतात. नाकाचे मूळ सहसा हलत नाही.

मी थबकलो. आपण तर माणसाला हसण्यावरूनच ओळखतो!

नाके मोजण्याचा उद्योग आपल्या देशात जुना आहे. १९०१ च्या खानेसुमारीचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावू पाहिली. उत्तरेतला काही मुलूख सोडला तर हा ताळा जमत नाही, हे मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या ग्रंथात दाखवले. पुतण्याचे यंत्र उतरंड लावत नाही, हे कबूल. ते एवढेच विचारते, हा तोच का?

आमच्या सीमाभागात याला दोन शब्द आहेत. कन्नडमधला 'गुरुतु' म्हणजे खूणही. ओळखपत्र ते 'गुरुतिन चीटी'. मराठीत ओळख पटते तशी ती ठेवावीही लागते, आणि न ठेवणाऱ्याला आपण कृतघ्न म्हणतो. यंत्राला ते कसे म्हणणार?

आईची शेवटची दोन वर्षे स्मृतिभ्रंशात गेली. एकदा मला पोस्टमन समजून तिने पत्र मागितले. तरी संध्याकाळी मी खाटेजवळ गेलो की ती भिंतीकडे सरकून मला जागा करून द्यायची. डॉक्टरांना तिने कधी जागा दिली नाही. मी मात्र रोज परीक्षा घ्यायचो, "सांग, मी कोण?" नाव आले नाही की चिडून उठून जायचो. ती तशीच भिंतीला टेकून असायची, अर्धी खाट मोकळी ठेवून.