कित्ता आणि अक्षर

नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पच्या ताई चीच्या वर्गात दोन वर्षं मी ‘एकेरी चाबूक’ ही हालचाल घोटली. मग शिक्षिका बदलल्या. शैली तीच, यांग घराण्याची. तरी मागच्या पावलाचा कोन निराळा, पुढच्या हाताची उंची निराळी. मला वाटलं, दोघींपैकी एकीचं चुकतंय. मूळ फॉर्म कुठेतरी शुद्ध असणार आणि पुढच्यांनी तो बिघडवला असणार.

त्या मुळाच्या शोधात मी इतिहास वाचू लागले. माग हेनान प्रांतातल्या चेनजियागोउ या गावापर्यंत जातो. तिथे चेन चांगशिंग यांच्याकडे यांग लूचान (१७९९–१८७२) शिकले आणि पुढे त्यांनी बीजिंगमध्ये शिकवलं. त्यांचे नातू यांग चंगफू (१८८३–१९३६) तरुणपणी लाथा वेगाने मारत. नंतर त्यांनी सगळा फॉर्म संथ आणि ऐसपैस केला. म्हणजे त्यांच्याकडे आधी आलेल्याने एक पाहिलं, उशिरा आलेल्याने दुसरं. त्यांचे शिष्य झंग मानचिंग यांना क्षयाने गाठलं होतं. त्यांनी तो लांबलचक फॉर्म ३७ हालचालींवर आणला. १९५६मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने सर्वसामान्यांसाठी २४ हालचालींचा फॉर्म बांधला. मला बिघाड वाटला होता तिथे प्रत्येक वेळी एक वय, एक शरीर किंवा एक गरज उभी होती.

मग पुण्याकडे, तिथल्या योगाकडे पाहिलं आणि तेच दिसलं. म्हैसूरचे योगगुरू कृष्णम्माचार्य यांच्याकडे पट्टाभी जोइस कोवळ्या वयात शिकले. जोइस यांचा योग श्वासाच्या लयीत वेगाने वाहतो. बी. के. एस. अय्यंगार लहानपणापासून आजारांनी खंगलेले; गुरूंच्या सांगण्यावरून १९३७मध्ये ते पुण्यात आले आणि पट्टे, ठोकळे, खुर्च्या यांचा आधार देत त्यांनी आसनं दुबळ्या शरीरांच्याही आवाक्यात आणली. कृष्णम्माचार्यांचा मुलगा देशिकाचार शिकू लागला तेव्हा गुरू सत्तरी ओलांडलेले होते. त्याची शिकवण सौम्य, माणसागणिक बदलणारी. गुरू एकच, पण तिघांच्या वाट्याला आलेले गुरू वेगळे.

मग सगळं सारखंच बरोबर का? नाही. शाळेत आम्ही सगळ्यांनी एकच कित्ता गिरवला, तरी अक्षर ज्याचं त्याचं झालं. पण ‘म’चा ‘भ’ झाला तर बाई खोडत, आणि ते योग्यच होतं. यांग चंगफूंनी सांगितलेली आणि चेन वेइमिंग यांनी लिहून ठेवलेली दहा सूत्रं मला इथे मोलाची वाटतात: कोणत्या पायावर भार आहे ते स्पष्ट असावं, हाताला कंबरेने न्यावं, खांदे सैल पडावेत. हे सांभाळलं की हाताची उंची ही अक्षराच्या वळणाची बाब. हे सुटलं की चूक.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: आधी एकाच गुरूचा कित्ता इमानाने गिरवा. आणि दुसऱ्याचं अक्षर निराळं दिसलं, तर त्यावर काट मारण्याआधी ते नीट वाचून पाहा.