मेलेल्या उंदरावरचा संसार

युरोपातल्या जंगलात उन्हाळ्यात एखादा उंदीर मरून पडला, की त्याच्यावर हक्क सांगणारे लगेच जमतात. माश्या येतात, मुंग्या येतात, जिवाणू तर आतच दबा धरून असतात. आणि उडत येतो निक्रोफोरस, काळ्या पाठीवर नारिंगी पट्टे मिरवणारा, जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचा भुंगेरा.

त्याला हे कलेवर नुसते खायला नको असते. त्यावर संसार थाटायचा असतो. एकाच उंदरावर अनेक भुंगेरे आले, तर नर नराशी आणि मादी मादीशी झुंजते. शेवटी सहसा सर्वांत थोराड जोडी टिकते. मग दोघे मिळून कलेवराखालची माती उकरतात, ते खाली घेतात, त्यावरचे केस काढून टाकतात आणि त्याचा गोळा वळतात. तोंडातून आणि गुदद्वारातून स्रवणारे जंतुरोधक द्रव त्यावर माखतात, म्हणजे कुजणे लांबते. अंडी शेजारच्या मातीत घातली जातात.

बहुतेक कीटकांच्या माद्या अंडी घालून निघून जातात, नरांचा तर पिलांशी संबंधच येत नाही. निक्रोफोरसचे आईबाप मात्र थांबतात. जर्मन संशोधिका एर्ना पुकोव्स्की यांनी या भुंगेऱ्यांचे बारकाईने निरीक्षण करून 1933 मध्ये त्यांच्या संगोपनाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. अंड्यांतून निघालेल्या अळ्या सरपटत त्या गोळ्यापाशी येतात, मान उंचावून खाणे मागतात आणि आईबाप अर्धवट पचवलेले मांस त्यांना भरवतात, पक्षी पिलांना भरवतात तसे. उत्तर अमेरिकेतल्या निक्रोफोरस ऑर्बिकॉलिस या जातीच्या कोवळ्या अळ्या तर या भरवण्याशिवाय बहुधा जगतच नाहीत.

इथवर वाचणाऱ्याचे मन हळवे होते. पण हेच आईबाप पहिल्याच दिवशी आपल्या काही अळ्या खाऊन टाकतात. 1987 मध्ये संशोधक बार्टलेट यांच्या प्रयोगांनी त्याचे गणित पुढे आणले. कलेवर लहान असेल, तर अंड्यांतून निघालेल्या अळ्यांपैकी अधिक मारल्या जातात; मोठे असेल, तर अधिक जगतात. अंडी गरजेपेक्षा जास्त घातलेली असतात, कारण सगळी उबतीलच याचा भरवसा नसतो. आणि अन्न अपुरे असताना सगळ्या अळ्यांना जगू दिले, तर सगळ्याच किडकिडीत राहतात. या भुंगेऱ्याचा आकार अळीपणी मिळालेल्या अन्नावर कायमचा ठरतो. किडकिडीत भुंगेरा पुढच्या उंदरावरच्या झुंजीत हरणार आणि त्याचा वंश तिथेच खुंटणार.

म्हणून भरवण्याला ममता आणि मारण्याला क्रौर्य म्हणून दोन खाती उघडणे चूक आहे. दोन्ही कृतींचे मूळ एकच, मोजून मापून मिळालेले अन्न. माणसाने यातून स्वतःच्या वागण्याला आधार शोधू नये आणि भुंगेऱ्याला आपल्या न्यायासनापुढेही उभे करू नये.

त्यांचे भांडणेही काही स्वभावावर कोरलेले नाही. हिमालयापासून तैवानपर्यंत आढळणाऱ्या निक्रोफोरस नेपालेन्सिस या जातीचा तैवानच्या डोंगरउतारांवर अभ्यास झाला. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष विलक्षण आहेत. थंड उंचीवर हे भुंगेरे आपसात झगडतात. खाली उबदार पट्ट्यात मात्र माश्यांच्या अळ्या कलेवर भराभर फस्त करतात. तिथे तेच भुंगेरे गटाने राबतात आणि कलेवर एकत्र पुरतात. शत्रू बदलला, की शेजारी सोबती होतो.

या कुळातल्या सर्वांत मोठ्या अमेरिकी जातीची कहाणी मात्र दुःखद आहे. एके काळी ती अमेरिकेच्या 35 राज्यांत होती. 1989 मध्ये तिला संकटग्रस्त जाहीर करावे लागले. तिला साधारण 80 ते 200 ग्रॅम वजनाचे कलेवर लागते. त्या आकाराचे पक्षी घटले, पॅसेंजर पिजन हे कबूतर तर 1914 मध्ये कायमचे संपले. या भुंगेऱ्यांच्या ऱ्हासामागचे ते एक कारण मानले जाते. नॅनटकेट बेटावर 1994 पासून हे भुंगेरे पुन्हा सोडताना माणसांना मेलेले लावे पुरवावे लागले. नुसते भुंगेरे सोडून भागत नाही. त्यांच्या अळ्यांना पुरतील एवढे पक्षी त्या बेटावर जगले पाहिजेत आणि तिथेच मेलेही पाहिजेत.