ईशान जिंकला नसता तर?

‘तारे जमीं पर’ २००७ साली आला. तो पाहून रडला नाही असा माझ्या वयाचा माणूस मला अजून भेटायचाय. मीही रडलोय. तरी हल्ली त्याचा शेवट मला खटकतो.

पूर्वार्ध किती खरा आहे! ईशानला अक्षरं नाचताना दिसतात, थोरला योहान सगळ्यात पहिला, बाबांच्या लेखी धाकटा निव्वळ आळशी. मग बोर्डिंग. वहीच्या कोपऱ्यातली चित्रं भराभर उलटली की घरच्यांपासून दूर दूर जाणारा मुलगा दिसतो. पहिल्या नंबराच्या वेडाने घर कसं पोखरतं, हे इतकं थेट आपल्याकडे क्वचितच कुणी दाखवलं असेल.

पुढे निकुंभ सर येतात आणि वर्गात आइन्स्टाइन, दा विंची, अगाथा ख्रिस्ती अशी नावं घेतात. मला वाटतं, वाट इथेच चुकते. शेवटी चित्रकलेची स्पर्धा होते, ईशान पहिला येतो, त्याचं चित्र शाळेच्या वार्षिक अंकावर झळकतं. म्हणजे नंबर आलाच, फक्त विषय बदलला.

कुणी म्हणेल, इतकं सोसलेल्या पोराला एक बक्षीस दिलं तर बिघडलं कुठे? ईशानचं काहीच बिघडलं नाही. माझ्या मावसभावाचं बिघडलं. तोही वाचताना अडखळायचा. सिनेमा पाहून मावशीने त्याला मारणं थांबवलं, हे श्रेय सिनेमाचंच. पण लगेच शोध सुरू झाला: रंगपेटी आली, मग तबला, मग बुद्धिबळ. ‘कशात तरी असेलच की हुशार!’ तो कशातच नव्हता. चांगला, हसरा, साधा मुलगा होता. दर क्लास सुटला की तो नव्याने नापास व्हायचा.

आमच्या ऑफिसात वर्षाला रेटिंग मिळतं. ठीक आहे, तिथे कामाचा पगार आहे. पण आईबापांच्या मायेलाही अप्रेझल लागावं? प्रतिभा सापडली म्हणून मूल माफ होत असेल, तर न सापडलेल्यांनी काय करायचं?

गंमत म्हणजे याचं उत्तर सिनेमातच आहे, स्पर्धेच्या आधी. बाबा निकुंभ सरांना भेटून निघालेत. ईशान सूचनाफलकासमोर उभा राहून एकेक अक्षर जुळवत वाचायला बघतोय. बाबा लांबून पाहतात, त्यांचे डोळे भरून येतात. तोवर ईशानला कुठलंही बक्षीस मिळालेलं नसतं.