हौस आणि मोबदला

खेळाडूनें खेळाचा मोबदला घ्यावा कीं नाहीं, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु सन १८९५ च्या ऑगस्टमध्यें हडर्सफील्ड येथें उत्तर इंग्लंडांतील रग्बी क्लब मूळ संघटनेपासून फुटून निघाले, ते याच प्रश्नावरून. खाणींत व गिरण्यांत राबणारा मजूर शनिवारीं खेळावयास गेला कीं त्याची मजुरी बुडे. ती भरून द्यावी, एवढीच मागणी होती. ज्यांची मजुरी कधींच बुडत नसे, अशा सद्गृहस्थांना तींत खेळाचा विटाळ दिसला! या फुटींतून 'रग्बी लीग' जन्मास आली. मूळ 'रग्बी युनियन'नें मोबदल्यावरील बंदी उठविली ती १९९५ सालीं, म्हणजे शंभर वर्षांनीं.

आमच्या तांबड्या मातीला हा विटाळ ठाऊकच नव्हता. मराठवाड्यांत कुरुंद्याकडे काय किंवा कोल्हापुराकडे काय, जत्रेच्या फडांत इनामाची कुस्ती उघडपणें लागते. इनाम घेतल्यानें मल्लाची इभ्रत गेली असें कोणी मानीत नाहीं. इभ्रत जाते ती नुरा कुस्तीनें. म्हणजे दोष पैसा घेण्यांत नसून लबाडींत आहे, हा विवेक आमच्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या शेतकऱ्यास पूर्वींच झाला होता. (आम्ही प्राध्यापक पगार घेऊन शिकवितों, म्हणून आमची विद्या बाटली, असें निदान आमच्या तोंडावर तरी कोणी म्हणत नाहीं.)

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच मातींतले. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें ते सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकी येथें बँटमवेट गटांत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या काळीं ऑलिंपिकचें दार केवळ हौशी खेळाडूला उघडें असे. पण हेलसिंकीला जाण्यास पैसा हवा होता, आणि तो वर्गणीनें गोळा करावा लागला. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं तर स्वतःचें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. तेव्हां बिनमोबदल्याचा खेळ ही केवळ कल्पना आहे. खर्च कोणी तरी सोसतोच. श्रीमंताघरीं तो बापाच्या मिळकतींतून परस्पर जातो, म्हणून दिसत नाहीं, इतकेंच. गरिबाचा तेवढा डोळ्यांवर येतो.

मोबदल्याऐवजीं मान द्यावा, असें हौशी पंथाचे अभिमानी म्हणतील. ठीक आहे. मग तो मान तरी वेळेवर पोंचला काय? खाशाबा १९५५ सालीं पोलिसांत सबइन्स्पेक्टर झाले आणि १९८४ सालीं अपघातांत वारले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर कित्येक वर्षांनीं. दिल्लींतील कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचें नांव लागलें तें २०१० सालीं.