खालच्या सुरातलं हैदराबाद

‘बाजार’ या १९८२च्या चित्रपटातलं ‘फिर छिडी रात’ हे युगुलगीत लता मंगेशकर आणि तलत अझीझ यांनी गायलं आहे. लताबाईंनी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती आणि चार दशकांची गायकी त्यांच्या गाठीशी होती. शेजारी उभा राहिलेला हैदराबादचा मुलगा होता पंचविशीतला. अशा वेळी नवखा गायक एक तर दबून जातो, नाहीतर बरोबरी करायच्या नादात आवाज चढवतो. तलत अझीझ यांनी दोन्ही टाळलं. लताबाईंची ओळ पूर्ण ऐकून घ्यावी आणि मग आपलं सांगावं, अशा बेतानं ते गायले. खय्याम यांची चाल त्यांना घाई करू देत नाही आणि त्यांनाही घाई नाही. प्रत्येक शेराच्या शेवटी तेच शब्द पुन्हा येतात, फुलांचे. त्याच्या आधीचा ‘त’कारान्त काफिया तलत जेमतेम टेकवतात आणि सोडून देतात. इथं जोर दिला असता तर दाद हमखास मिळाली असती. त्यांनी ती मागितली नाही.

चाळीसहून अधिक वर्षं झाली, तरी तलत अझीझ म्हटलं की हेच गाणं आठवतं. वास्तविक त्याआधीच्या वर्षी ‘उमराव जान’मध्ये त्यांची गझल गाजली होती, पुढे १९८९च्या ‘डॅडी’तली गझलही घरोघरी पोचली. जगजीत सिंग यांनी आपल्या नावाचा आधार देऊन त्यांची पहिली तबकडी रसिकांसमोर आणली, तेव्हापासून त्यांच्या गैरफिल्मी गझलांनाही तोटा नाही. पण श्रोत्यांनी निवड करून टाकली आहे आणि ती बदलायला ते तयार नाहीत. चाल गोड आहे म्हणून, असं याचं उत्तर सहज दिलं जातं. मला ते पटत नाही. गोड चालीची शेकडो गाणी त्याच दशकात आली आणि कॅसेटबरोबर गेली.

हळू गाणं ही गोष्ट मुळात आली कुठून, इथून सुरुवात करायला हवी. मायक्रोफोन नव्हता तेव्हा गाणं ही शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्याची कसोटी होती. केशवराव भोसल्यांच्या पिढीला पिटातल्या शेवटच्या बाकापर्यंत आवाज फेकावा लागे. हळू गाणाऱ्याला रंगभूमीवर जागाच नव्हती. विजेवरच्या ध्वनिमुद्रणानं हे चित्र पालटलं. अमेरिकेत बिंग क्रॉस्बी मायक्रोफोनच्या इतक्या जवळ येऊन गायला लागला की घरात रेडिओ ऐकणाऱ्याला तो आपल्याच खोलीत बसला आहे असं वाटावं. आपल्याकडचं भावगीतही याच यंत्राच्या आधारानं वाढलं. तलत महमूद यांच्या आवाजातला कंप जुन्या रंगभूमीवर उणेपणा ठरला असता. अनिल विश्वासांनी तो जपायला सांगितला आणि तोच त्यांची ओळख झाला. ‘मोलकरीण’मधलं आशाबाईंबरोबरचं त्यांचं युगुलगीत आठवावं. त्यातले मराठी उच्चार थोडे परके आहेत, पण त्या आवाजावर आपण विश्वास ठेवतो, कारण तो कुणालाही जिंकायला निघालेला नाही.

हैदराबादला मात्र हळू गाण्यासाठी मायक्रोफोनची वाट पाहावी लागली नव्हती. इथल्या देवड्यांमधल्या आणि हवेल्यांमधल्या बैठका मूठभर माणसांच्या असत. सातव्या निजामांचे धाकटे चिरंजीव मोअज्जम जाह ‘शजी’ या नावानं शायरी करत. त्यांच्याकडे रात्र रात्र शायर आणि गवई जमत. पंडित विठ्ठल राव तरुणपणी तिथं गायले आणि पुढची कित्येक वर्षं या शहरानं गझल कशी म्हणायची हे त्यांच्याकडून शिकून घेतलं. २०१५मध्ये ते गेले. शेर अशा खोलीत म्हटला जातो तेव्हा ऐकणारा हाताच्या अंतरावर असतो आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळतं की मिसरा पोचला की नाही. ओरडायचं कुणासाठी? मायक्रोफोननं एवढंच केलं, की त्या खोलीत हजारोंना एकाच वेळी बसता येऊ लागलं.

तलत अझीझ अशाच घरात वाढले. आई साजिदा आबिद उर्दूत लिहीत. घरी मुशायरे आणि मैफिली होत. म्हणजे शब्द कसा ठेवायचा हे कानावर आधी पडलं आणि सूर मागाहून आला. तालीम मिळाली किराणा घराण्याची. महाराष्ट्राला हे घराणं सांगायला नको. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांच्या परंपरेतून हिराबाई बडोदेकर आल्या, आणि स्वर न दुखवता लावायचा म्हणजे काय हे आपण त्यांच्याकडूनच ऐकलं. नंतर तलत यांनी मेहदी हसन यांच्याकडूनही घेतलं. पण मेहदी हसन यांची खोल, रागात बुडालेली बढत त्यांनी या गाण्यात आणली नाही, हा विवेक मला महत्त्वाचा वाटतो. गुरूकडून काय घ्यायचं नाही हे ज्याला कळतं त्याचं गाणं त्याचं स्वतःचं होतं. खय्यामही त्याच स्वभावाचे. ‘उमराव जान’साठी त्यांनी आशाबाईंना नेहमीपेक्षा खालच्या सुरात गायला लावलं होतं. खालचा सूर लागला की गाणाऱ्याला लपायला जागा उरत नाही, शब्दाचा अर्थ कळून गावं लागतं.

एवढं सगळं असूनही ते एक चांगलं गाणं झालं असतं, इतकंच. ते टिकलं आहे त्याचं कारण मला शब्द लिहिणाऱ्या माणसात दिसतं.

मखदूम मोहिउद्दीन यांचा जन्म १९०८चा, मेदक जिल्ह्यातल्या आंदोलचा. सिटी कॉलेजात ते उर्दू शिकवत. मग नोकरी सोडून कामगारांत गेले, कम्युनिस्ट पक्षात गेले, हैदराबाद संस्थानात ट्रेड युनियन उभारणाऱ्यांत पुढे राहिले. तेलंगणच्या सशस्त्र लढ्यात ते भूमिगत झाले, तुरुंगात गेले, आणि बाहेर आल्यावर विधानसभेत बसले. १९४४चा त्यांचा पहिला संग्रह ‘सुर्ख सवेरा’. त्या नावातच त्यांची सकाळ कुठल्या रंगाची होती ते कळतं. १९६९च्या ऑगस्टमध्ये त्यांचं निधन झालं. हिमायतनगरच्या मखदूम भवनावरून रोज हजारो माणसं जातात, टँक बंडवर त्यांचा पुतळाही आहे. मराठवाड्याच्या वाचकाला हे नाव परकं वाटू नये. तेव्हा औरंगाबाद, परभणी, नांदेड याच संस्थानात होतं. १९५२च्या हैदराबाद विधानसभेत विरोधी पक्षनेतेपदी व्ही. डी. देशपांडे हे मराठी कॉम्रेड होते, आणि मखदूम त्यांचे सहकारी.

हा माणूस फुलांवर गझल लिहितो. ज्याला शेतकऱ्याची उपासमार माहीत आहे, पोलिसांची धाड माहीत आहे, त्याला गजऱ्याचं काय, असा प्रश्न त्या काळी विचारला गेला असेल, आजही विचारतात. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. ज्याच्या आयुष्यात फुलांची रात्र क्वचित येते, त्यालाच ती मोजून घ्यावीशी वाटते. मखदूम यांच्या फुलांमध्ये मालकी नाही, हावही नाही. ती भेटलेली आहेत, उद्या नसतील, हे बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे. ज्यानं काही हरवलेलं पाहिलेलं नाही त्याच्या हातून ही गझल झाली नसती.

आणि हिंदी चित्रपटानं मखदूम यांना नेमकं कुठं आणून ठेवलं ते पाहण्यासारखं आहे. मुजफ्फर अली यांच्या ‘गमन’मध्ये त्यांची गझल छाया गांगुली यांनी गायली, जयदेव यांची चाल, दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट गाव सोडून मुंबईत टॅक्सी चालवणाऱ्याचा. नंतर ‘बाजार’. दोन्हींत फारूक शेख आहेत, दोन्हींत स्मिता पाटील. मखदूम यांनी यातलं काहीच पाहिलं नाही. ‘बाजार’ येईपर्यंत त्यांना जाऊन तेरा वर्षं झाली होती.

सागर सरहदी यांचा ‘बाजार’ हैदराबादमध्येच घडतो. आखातातून पैसा घेऊन आलेला वयस्क माणूस, दारिद्र्यानं वाकलेलं घर, आणि निकाहाच्या नावाखाली विकली जाणारी शबनम. ती भूमिका सुप्रिया पाठक यांची, तिच्यावर जीव असलेला सरजू म्हणजे फारूक शेख. ‘फिर छिडी रात’ या दोघांवर आहे. चेहऱ्यांवर लाज, डोळ्यांत हसू, आणि पाहणाऱ्याला कळून चुकलेलं असतं की या मुलीचा भाव ठरतो आहे. शेवटी ती विष घेते. ते गाणं म्हणजे त्या दोघांना मिळालेला सगळा संसार.

हे कल्पनेतून काढलेलं नव्हतं. १९९१मध्ये हैदराबादहून दिल्लीला जाणाऱ्या विमानात एका हवाई सुंदरीनं साठीच्या अरब माणसाशेजारी बसून रडणारी दहा-अकरा वर्षांची मुलगी पाहिली, तिच्याशी बोलली, आणि तो निकाह देशभर गाजला. चित्रपट येऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. जुन्या शहरात हे सारं बंद झालं असं पुढेही कुणी छातीठोकपणे म्हणू शकलं नाही.

आता हेच गाणं मी इथल्या लग्नांच्या स्वागतसमारंभांत ऐकतो. मंचावर वधूवर, बाजूला कीबोर्ड आणि तबला, आणि कुणीतरी होतकरू गायक तलत अझीझ यांचा भाग म्हणतो. पहिल्यांदा मला राग आला होता. विक्रीच्या लग्नाचं गाणं, आणि तुम्ही ते लग्नात वाजवता? पण विचार करता वाटलं, लोक अगदीच चुकत नाहीत. शबनम आणि सरजू यांना जे मिळालं नाही ते या मंचावरच्या दोघांना मिळावं, एवढीच त्या सुरांची मागणी आहे. मात्र चित्रपट न पाहता गाणं घेणाऱ्यांच्या हातून एक गोष्ट सुटते. ते गाण्याला नुसतं मऊ करतात, हरकती घालतात, ‘रात’ शब्दावर रेंगाळतात. तलत अझीझ रेंगाळत नाहीत. ज्याच्याकडे वेळ कमी आहे तो रेंगाळत नसतो. त्यांचा आवाज मऊ आहे, पण पाणावलेला नाही, आणि हा फरक शिकवणीत सांगून येत नाही.

एकाच गाण्याशी नाव जोडलं जाणं गायकाला सुखाचं असतं का, हा प्रश्न मराठी रसिकाला अरुण दात्यांमुळे परिचयाचा आहे. इंदूरचे दाते, गझलेच्या वातावरणात वाढलेले. पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल आणि सुधा मल्होत्रांची साथ मिळालेलं ‘शुक्रतारा’ त्यांना असं चिकटलं की पुढे त्यांनी आपल्या कार्यक्रमालाच ते नाव दिलं आणि त्याचे दोन हजारांवर प्रयोग केले. दोन हजार वेळा तेच गाणं! समोरचा श्रोता दरवेळी नवा असतो आणि त्याला ते पहिल्यांदाच प्रत्यक्ष ऐकायचं असतं. तिथं गायकाला कंटाळण्याचा अधिकार नाही. कंठाइतकीच यात नीतीचीही परीक्षा आहे, असं मी मानतो. तलत अझीझ यांनाही मैफिलीत हे गाणं चुकवता येत नाही आणि लताबाईंचा स्वर शेजारी नसताना ते उभं करावं लागतं. अशा वेळी ऐकणारे मनातल्या मनात तो भाग म्हणत असतात. खालच्या सुरात गाणाऱ्यानं त्यांच्यासाठी जागा ठेवलेली असते, म्हणूनच त्यांना ते जमतं.

‘बाजार’मध्ये दख्खनचा आणखी एक शायर आहे. भूपिंदर यांनी गायलेली गझल औरंगाबादच्या बशर नवाज यांची. जुन्या निजामी राज्याची दोन टोकं त्या एका तबकडीवर एकत्र आली आणि आपण मराठी माणसांनी त्याचा कधी फारसा गाजावाजा केला नाही. जांबागेत, विवेकवर्धिनीच्या परिसरात, आमच्या मराठी मंडळींचे गाण्याचे कार्यक्रम होतात तेव्हा मी हे आवर्जून सांगतो. तिथून मोअज्जमजाही मार्केट चालत जाण्याइतकं जवळ आहे, शजींच्याच नावाचं. जांबागेतला जुना फुलबाजार आता गुडीमलकापूरला गेला आहे.

आमच्याकडची तरुण मुलं हे गाणं बसवतात तेव्हा वेळ कमी पडला की शेवटचा शेर गाळतात. तेवढं करू नका, असं मी दरवेळी सांगतो. त्या मक्त्यात मखदूम यांचं नाव आहे. खय्याम यांनी ते काढलं नाही. चित्रपटात कवीचं नाव सहसा श्रेयनामावलीत राहतं, इथं ते सुरात आहे. हवं तर मधला एखादा शेर सोडा, सुरुवातीचं संगीत कमी करा. मक्ता म्हणा, आणि तलत अझीझ म्हणतात तसा म्हणा, नाव असल्याचा डंका न वाजवता.